जिवंत नवऱ्याची विधवा

साइफंगसारखी रडणारी बाई आमच्या अख्ख्या तालुक्यात नव्हती. आमची नाटकमंडळी चीनच्या हेनान प्रांतातल्या खेड्यापाड्यांत फिरायची, तेव्हा ती टाकलेल्या बायकांच्या, विधवांच्या भूमिका करायची आणि मी पोशाखांच्या पेट्या सांभाळायचे. तिने नुसती बाही वर केली की पुढच्या बाकांवरच्या बायका रुमाल शोधायला लागायच्या. तिचा नवरा मेंगदादा मंडळीत ढोल वाजवायचा. गडगडाटी माणूस. त्याला हळू बोलताच यायचं नाही.

खरं सांगायचं तर साइफंगला रडण्याची हौस नव्हती. तिला हौस होती जोड्यांची. नाटकातले रेशमी जोडे, वर पिओनीची फुलं, टोकाला गोंडा, ती स्वतः शिवायची. मंडळी बंद पडली आणि दोघं घरी बसली, तेव्हाही तिच्या मांडीवर एखादा जोडा असायचाच.

अशात मेंगदादाची पुतणी यूथिंग शहरातून ऑनलाइन धंद्याचा कोर्स करून आली.

"काकू, दुसऱ्याचं बघून धंदा करायचा नाही," ती म्हणाली. "आपल्याला काय आवडतं आणि काय जमतं, ते बघून दुकान मांडायचं. तुम्हाला काय आवडतं?"

"जोडे शिवायला."

"आणि जमतं काय?"

आतल्या खोलीतून मेंगदादा ओरडला, "रडायला! माझ्याशी लग्न झाल्यापासून सराव आहे तिला!"

आम्ही सगळ्या हसलो.

आधी जोडेच मांडले. यूथिंगने फोन तिवईवर बसवून थेट प्रक्षेपण चालू केलं आणि साइफंग त्याच्यासमोर टाके घालत बसायची. बघणारे लिहायचे, "आजी, घरात घालायच्या सपाता आहेत का?" कुणी लिहायचं, "मशीनवरचे याहून बरे दिसतात." एक जोडसुद्धा गेला नाही. मग गाणं शिकवून पाहिलं. शिकायला दोघीच आल्या, त्यातली एक मी.

एका संध्याकाळी कुणीतरी फर्माईश केली आणि साइफंग थडग्यापाशी बसून गायचं पद गायला लागली. टेबलावर आमच्यासाठी वाळलेल्या लाल बोरांची टोपली होती. तिचे डोळे भरून आले तसे निरोप धडाधड यायला लागले. "मावशी, रडू नका हो. कोण गेलं तुमचं?" "ही बोरं तुमच्या बागेतली का? मी घेते." "मलाही पाठवा." पद संपायच्या आत यूथिंग बाहेर जाऊन बोरांच्या व्यापाऱ्याशी बोलत होती.

त्या दिवसापासून गाणं गेलं, रडणं राहिलं. यूथिंगने गोष्ट रचली. नवरा मेला, मागे बोरांची बाग ठेवून गेला, एकटी बाई काय करणार! साइफंगच्या नावावर बोराचं एक झाडसुद्धा नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पण यूथिंगने मेंगदादाचा फोटो काळ्या चौकटीत बसवून आणला तेव्हा मात्र ती भडकली.

"जित्या माणसाचा असला फोटो? जीभ झडली नाही तुझी हे सांगताना?"

"अगं, लाव," मेंगदादाच म्हणाला. "जन्मभर पडद्यामागे वाजवलं, आता पडद्यामागे मरतो. फक्त मेलेल्यालाही भूक लागते म्हणावं. वाफेचे पाव वेळेवर आत पाठवत जा."

बोरं खपली. चिक्कार खपली. घराचं छप्पर नवीन झालं, अंगणात पोरी खोकी बांधायला बसल्या, यूथिंगने गाडी घेतली. सुरुवातीला मेंगदादालाही गंमत वाटायची. पण पुढे गिऱ्हाईकं दुःखी बाईला भेटायला थेट गावात यायला लागली, तेव्हा यूथिंगने त्याला ओट्यावर बसायची बंदी केली. कोपऱ्यावरचं पत्त्यांचं खेळणं बंद. कॅमेरा चालू असला की खोकायचंसुद्धा नाही. मी एकदा मागच्या दाराने गेले, तर तो गोधडीवर बोटांनी ताल धरून बसलेला.

"दादा, खेळायला का येत नाही?"

"मेलोय ना मी," तो म्हणाला. इतकं हळू, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

वसंतात त्याला धाप लागायला लागली. साइफंग त्याला तालुक्याच्या इस्पितळात घेऊन गेली आणि खाटेशी बसून चमच्याने पेज भरवत होती, तेवढ्यात कुणीतरी फोनवर टिपलं. दुसऱ्या दिवशी जो तो तेच बघत होता. विधवेचा नवरा पेज खातोय! लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही. दुकान बंद झालं. यूथिंगने फोनसमोर हात जोडले आणि म्हणाली, "मी फक्त खोकी पाठवत होते. गोष्ट काकूंची होती." महिन्याभरात तिने शेजारच्या तालुक्यात दुसरी म्हातारी शोधली. तिच्याजवळ लंगडं गाढव होतं म्हणे.

मेंगदादा त्याच वर्षी हिवाळ्यात गेला. खरोखर गेला. शवपेटी अंगणात ठेवली होती आणि गल्लीत ही गर्दी! निम्म्यांच्या हातात फोन, सगळे साइफंगकडे रोखलेले. ती पांढऱ्या तागाच्या कपड्यांत उभी होती, ताठ.

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "रड गं बाई. बायको रडल्याशिवाय पेटी उचलायची नसते."

ती रडली नाही. म्हातारा पुन्हा म्हणाला. तिने मान खाली घातली, डोळे कोरडेच.

गर्दीतून एक आवाज आला, "फुकटात नाही रडत ती!"

कुणीतरी हसलं. साइफंगने माझं मनगट धरलं होतं, ते तिने इतकं आवळलं की मला कळ आली. शेवटी रडण्याविनाच पेटी उचलली.

नव्या वर्षाचा सण झाल्यावर यूथिंग फळांची पेटी घेऊन आली. "काकू, झालं गेलं विसरा. आता माझ्याकडे पुष्कळ बायका आहेत. पण एकीलाही धड रडता येत नाही. तुम्ही शिकवायला या."

मला वाटलं, साइफंग तिला हाकलून देईल. तिने फळं आत नेऊन ठेवली.

"जाणारेस तू?" यूथिंग गेल्यावर मी विचारलं. "लाज कशी वाटत नाही त्या पोरीला, आणि तुला?"

"जोडे घेतंय का कुणी?" ती म्हणाली. "सांग, घेतंय?"

गेली ती. पुढे एकदा बाजारात भेटली. केस काळे केलेले, अंगात चांगला कोट. दोघींनी मिळून तिखट रस्सा प्यायला. मी विचारलं, "कशा आहेत गं तुझ्या बाया? जमतं का त्यांना रडायला?"

"रडायला काय, सगळ्यांनाच येतं," साइफंग म्हणाली. "प्रत्येकीचं काही ना काही असतंच. थांबता येत नाही त्यांना. मी थांबायचं कसं ते शिकवते."