मोरीपाशी येणारा वास

ती केस डोक्यात आली की आधी नाकात रबर जळल्याचा वास येतो, माणसं मागाहून आठवतात.

थंडीचे दिवस होते. रोहा-पेण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सोमवारी दुपारी खांब गावाकडच्या खेड्यातली एक म्हातारी मिसिंगची तक्रार घेऊन आली. नवरा पहाटे वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन हायवेवर विकायला गेला होता, तो परतलाच नव्हता. ठाणे अंमलदाराने वर्णन लिहून घेतलं. वय सत्तरच्या आसपास, अंगात तपकिरी स्वेटर, पायात निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. मी म्हणालो, "आजी, गेले असतील लेकीकडे. येतील."

"मला सांगितल्याबिगर ते अंगनात पन जात नाय, साहेब," ती म्हणाली.

मग ती रोज यायला लागली. बाकावर बसायची आणि एकच विचारायची, "हायत का नाय, येवढंच सांगा. कुकू ठेवू का पुसू?" पोलिसाला शिव्या खायची सवय असते, या प्रश्नाची नसते. एकदा तर मी तिच्यावर खेकसलो. आजही त्याची लाज वाटते.

शुक्रवारी पेणच्या एका गॅरेजमधून मिस्त्रीचा फोन आला. आम्ही फिरवलेलं वर्णन त्याने मोबाईलवर वाचलं होतं.

"साहेब, रोह्याचे एक सर हायत, इथं कॉलेजात शिकवतात. या आठवड्यात तिसऱ्यांदा गाडी आणली. रबर जळल्याचा वास येतो म्हणतात. बेल्ट बघितला, ब्रेक बघितले, क्लच बघितला. सगळं ओके. गाडी वर उचलून बघतो म्हटलं, तर अंगावर आले. खालून बघू नको म्हणाले."

"मग?"

"आज गाडी ठेवून कॉलेजात गेले. मी घुसलो खाली. सायलेन्सरवर चप्पल वितळून बसलीय, साहेब. पिन तशीच हाय. मी हात नाय लावला."

दोन पंच घेऊन आम्ही तासाभरात पोचलो. पंचनामा केला, ते रबर खरवडून काढलं, लाखेचं सील केलं. मिस्त्री मात्र डोकं खाजवत उभा होता.

"एक समजत नाय. वास खांब गावाजवळ रस्त्याखाली पाण्याची मोरी हाय, तिच्यापाशीच येतो म्हणतात. सायलेन्सर तापला की वास सगळ्या रस्त्याला यायला पायजे. रबराला जागा कळते का, साहेब?"

सर चारला आले. वर्दी बघून चपापले, पण सावरले. चांगल्या घरचा, नीटनेटका माणूस. मी चप्पल काढल्याचं सांगितलंच नाही. म्हटलं, "सर, तुम्ही चालवा. वास कुठे येतो ते दाखवा." मी शेजारी बसलो. मागून आमची जीप.

गडब गेलं, नागोठणे गेलं. ते परीक्षांबद्दल बोलत होते, जरा जास्तच. मोरी दिसली तसं बोलणं तुटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"आला बघा."

मी श्वास घेतला. गार वारा, शेतातल्या पेंढ्याचा वास, बाकी काही नाही.

"सर, ते रबर आम्ही काढलंय. दुपारीच."

गाडी कडेला थांबली. ते म्हणाले, "धुकं होतं हो. मला वाटलं कुत्रं आलं आडवं."

"कुत्रं सेफ्टी पिन लावून फिरतं का?"

मोरीच्या कठड्यावर एक नारळ होता, शेंडीला हळदकुंकू. "हा कोणी ठेवला?"

"मीच. त्याच दिवशी, संध्याकाळी घरी जाताना. वास जाईना म्हणून."

"खाली बघितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी आणि जीपमधला हवालदार मोरीखाली उतरलो. कमरेएवढ्या गवतात आधी शेंगांची पिशवी दिसली. म्हातारा पुढे मोरीच्या तोंडाशी होता, एका पायात चप्पल. पडला होता तिथून तो दहा-बारा हात रांगत रस्त्याकडे आला होता, गवत तसं दबलं होतं.

शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले, सोमवारी दिवस मावळेपर्यंत तरी तो जिवंत असावा.

म्हातारीला सांगायला मीच गेलो. सगळं सांगितलं, नारळाचंही. ती म्हणाली, "म्हंजे नारळ ठेवला तवा हे खाली जित्ते व्हते."

"हो," मी म्हणालो.

"आनि तुमी, साहेब? तुमी सोमवारी गेलाव का त्या रस्त्यानं?"

गेलो होतो. बंदोबस्ताच्या बैठकीला, चारच्या सुमारास, काच वर करून. तिची तक्रार नोंदवून तीन तास झाले होते. मी म्हणालो, "नाही." पदराने कुंकू पुसता पुसता ती माझ्याकडेच बघत होती.

सरांना शिक्षा झाली. माझ्या खोट्याची नोंद कुठल्या डायरीत नाही, म्हणून इथे करतो. पुढे मिसिंगची तक्रार आली की मी त्याच दिवशी रस्त्यावर उतरायचो, मोऱ्यांखाली वाकून बघायचो. हाताखालची पोरं हसायची. हसोत.

निवृत्तीनंतर गाडी घेतली. त्या मोरीपाशी पहिल्यांदा वास आला तसा थेट मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी वर उचलली, खालून सगळी बघितली आणि म्हणाला, "काय नाय, साहेब."