मीटरमावशीचे दोरे

माझ्या मावशीला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. चहासुद्धा ती उभ्याने प्यायची, तोही खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा फेऱ्या मारत. पायाला भिंगरी लागलेली माणसं निदान कुठेतरी पोचतात तरी. ही दोन खोल्यांतल्या दोन खोल्यांत मैलभर चालायची. "बस ना गं जरा," असं मी दिवसातून दहादा म्हणायचे. "बसते की," म्हणायची आणि कात्री शोधायला आतल्या खोलीत जायची.

माझी या गावातल्या ग्रंथालयात बदली झाली, तेव्हा आईने फर्मान काढलं की वेगळी खोली घ्यायची नाही, मावशीकडेच राहायचं. मावशीचं लग्न झालेलं नाही. एकतीस वर्षं ती लोकरीच्या मिलमध्ये रंगखात्यात होती. टाकीतून निघालेली लोकर कालच्या मालाशी जुळते की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवायचं, एवढंच तिचं काम. पुढे मिलने रंग मोजायचं यंत्र आणलं आणि पहिल्याच आठवड्यात यंत्राचं आणि मावशीचं वाजलं. यंत्र म्हणे माल बरोबर, मावशी म्हणे फिका. शेवटी यंत्र उघडलं तर आतली काच मळलेली निघाली. तेव्हापासून तिला सगळे मीटर म्हणायला लागले. आता गल्लीतल्यांचीही ती मीटरमावशी आहे.

मिल सुटली, पण हात काही सुटले नाहीत. जुने स्वेटर उसवून ती लोकर जमवायची आणि पडलेल्या फांद्या गोळा करून त्यांवर ऋतू विणायची. दर्शनी खोलीत दारासमोरच्या भिंतीवर वर्षातून चार वेळा नवा ऋतू लागे. पानगळीला विटकरी आणि गंजक्या रंगाची पानं. थंडीला पांढरे गोंडे. पालवीला फांदीच्या टोकाटोकाला पोपटी गाठी, आणि उन्हाळ्याला नुसता पिवळा. बेचक्याची फांदी मिळाली की तिच्या दोन फाट्यांच्या मध्ये उभे दोरे ताणून त्यात आडवं विणायची. फांदी मात्र तोडायची नाही. "झाडाने टाकलंय तेवढंच आपलं," असं तिचं म्हणणं. ती फांदी आधी दातांच्या जुन्या ब्रशने घासायची, मग मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग पंधरा दिवस गॅलरीत उन्हात. गॅलरीत कपडे वाळत घालायला मला जागा मिळत नसे, पण ते जाऊ दे.

तर अशी ती आणि अशी मी. मी नीटनेटकी आहे. ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावणं हे माझं काम, आणि एखाद्याने इतिहासाचं पुस्तक पाककृतींत खुपसलं तर मी त्याला चारचौघांत सुनावते. नाकावर माशी बसू देत नाही, असं तिथला शिपाई माझ्याबद्दल म्हणतो. त्याला सगळे काका म्हणतात, मीही. घरी आले की मावशीचा पसारा. पलंगाखाली लोकर, खुर्चीवर लोकर, तांदळाच्या डब्यावर लोकर. प्रत्येक लडीला एक कळकट सुती दोरा बांधलेला, त्या दोऱ्याला गाठी मारलेल्या. मला वाटे, मिलची जुनी खोड, दुसरं काय.

त्या वर्षी पानगळीच्या आधी आमच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुमच्या मावशींचं काम मी पाहिलंय. आपल्या दालनाची मोठी भिंत रिकामीच आहे. त्यांना विचाराल का?"

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तिने हातातला कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"केवढी भिंत?"

"मोठी. सात-आठ फूट."

"सगळे बघणार?"

"भिंत आहे मावशी, तिजोरी नाही. बघणारच."

"करते," ती म्हणाली. "बाहेरच्यांसाठी हे एकच करते."

एकच का, हे मी विचारलं नाही. तिच्या मिलमधल्या जुन्या मैत्रिणी, त्यांच्या सुना, गल्लीतले शेजारी, सगळ्यांना तिने आतापासूनच आवतण दिलं. आणि तिची वणवण दुपटीने वाढली. सकाळी फांद्या, दुपारी फांद्या, संध्याकाळी मी आले की मला दारातच गाठून "आज आभाळ कसं होतं गं?" "निळं होतं, दुसरं कसं असणार?" मी म्हणायचे. "कुठलं निळं?" मी डोळे फिरवायचे. एकदा ती एका पायात करडा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून बाहेर पडली. मी हसले. तीही हसली, जरा जास्तच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चाललं होतं आणि मला पसारा तेवढा दिसत होता.

एका रविवारी ती फांद्या आणायला गेलेली असताना मला लोकरीत कसर दिसली. ते बारीकसे पांढरे किडे. अंगावर काटाच आला. म्हटलं, एवढं मोठं काम करायचं आणि वर्षभरात कसरीने खाल्लं म्हणजे? मी सगळ्या लडी काढल्या, दोरे सोडून बाजूला ठेवले, कोमट पाण्यात लोकर धुतली, गच्चीवर वाळवली. मग जमिनीवर बसून लडी वळल्या आणि एकेका लडीला एकेक दोरा पुन्हा बांधला. समोर येईल तो दोरा, हाताला लागेल ती लडी. चाळीस लडी, चाळीस दोरे. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मावशी आली ती दारातच थबकली. "लोकर कुठाय?"

"धुतली. कसर लागली होती."

तिचा चेहरा उतरला. "दोरे?"

"आहेत, आहेत. पुन्हा बांधले."

"सगळे?"

"एकही हरवला नाही. मोजून बांधलेत."

तिने लांब श्वास सोडला. "तू माझी गुणाची," म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. ते आठवलं की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढचे वीस दिवस ती मी कामावर असतानाच विणत राही. मी आले की विणकामावर चादर आणि त्याचं तोंड भिंतीकडे. "पुरं झाल्यावरच बघायचं," असा हुकूम. मी फार आग्रह केला नाही. मला घर आवरायचं असे.

नेण्याच्या दिवशी आम्ही ती फांदी चादरीत गुंडाळून दोन टोकांना दोघी धरून चालत निघालो. वाटेत लोक बाजूला होत होते. मावशी पुढे होती आणि मला अक्षरशः ओढत होती. "हळू गं," मी म्हणत होते. दालनात वीस-पंचवीस माणसं जमली होती. मिलच्या मैत्रिणी पहिल्या रांगेत. काकांनी शिडी लावली, खिळे ठोकून फांदी चढवली आणि चादर ओढली.

विणकाम देखणं होतं. पानांची घडण, टोकं, शिरा, खाली घरंगळत गेल्यासारखी पानं, एकूण एक नेटकं. आणि ती पानं निळी होती. सगळी नाही. काही तांबडी, काही हिरवीगार, मध्येच एक झुबका गुलाबी, लहान मुलाच्या टोपऱ्याचा असतो तसा. पानगळीत ज्या जागी गंजका हवा, तिथे तिथे आकाशी निळा.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वेगळंच आहे. आधुनिक." मिलच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघत होत्या. एकतीस वर्षं जिच्या शब्दावर टाक्या ओतून दिल्या, तिचं हे काम! शेवटी काकांनाच राहवलं नाही.

"मावशी, निळी पानं कुठल्या झाडाची हो?"

मावशी हसली. तिला वाटलं, काका चेष्टा करतायत. मग तिने आजूबाजूला कान दिला. हसण्यात दुसरं कुणी सामील नव्हतं. ती शिडीशी गेली, हात वर करून एक पान बोटांत धरलं, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हा गंजका नाही?"

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. "निळा आहे मावशी," मी म्हणाले.

तिने पान सोडलं. "दोरे तू बांधलेस," ती म्हणाली. रागाने नाही. हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. मोतीबिंदू असता तर काढला असता, हे काढता येत नाही. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं, मधलं जाईल, कडेचं थोडं राहील. फांदीची आकृती दिसते, माणूस हलताना दिसतो, रंग गेले. रंग जाताहेत हे कळलं तेव्हाच, थोडे दिसत होते तोवर, तिने लडी रंगवार लावल्या आणि प्रत्येकीला दोरा बांधला. मिलमध्ये तसंच असायचं. कागदाची चिठ्ठी रंगाच्या टाकीत विरघळते, गाठ विरघळत नाही. एक गाठ पिवळा, दोन तांबडा, तीन विटकरी, चार गंजका. गाठी जवळजवळ म्हणजे गडद, लांब लांब म्हणजे फिका.

"मला का नाही सांगितलंस?"

"मीटरला दिसत नाही म्हणून सांगू? कुणाला?"

आणि मग मावशी खुर्चीत बसली.

बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी बसली होती, तिसऱ्या दिवशी बसली होती. चहा बसून प्यायली. गॅलरीतल्या फांद्या तशाच. मी किती वर्षं म्हणत होते बस म्हणून, आणि आता ते बसणं मला बघवेना. तिची भिंगरी माझ्याच पायाला लागली. कामावर पुस्तकं भलत्याच कपाटांत लावली मी. जी मी लोकांना सुनावते, त्या मी चाळीस चिठ्ठ्या फाडून वाटेल तशा चिकटवल्या होत्या. शहाणी म्हणवणारी मी!

चौथ्या दिवशी मी सगळ्या लडी तिच्या पायाशी आणून ओतल्या, दोरे सोडले आणि म्हणाले, "सांग, कुठला कुठे."

"राहू दे."

"मग मी माझ्या मनाने बांधते. हा पांढरा. पांढऱ्याला एक गाठ."

मी गाठ मारली.

"बांधली बघ. पांढरा, एक गाठ."

"पांढऱ्याला गाठ नसते!" ती उसळून म्हणाली. "त्याला रंगवतच नाहीत, त्याला गाठ कशाला? मोकळा दोरा!"

"बरं. हा विटकरी. तीन."

"विटकरी कुठला? ओली वीट की वाळलेली?"

"वीट म्हणजे वीट."

"अगं, डोळे आहेत ना तुला?" ती ओरडली. मी खाली गेले. समोरच्या बांधकामावरून एक वीट मागून आणली, अर्धी भिजवली आणि लोकर शेजारी धरली. गवंडी मला वेडी समजला असेल.

"वाळलेली," मी वर येऊन सांगितलं.

"मग गाठी लांब बांध."

त्या दिवशी अकरा लडी झाल्या. गंजक्यापाशी अडलं. "गंज म्हणजे गंज" म्हणाले तर ती म्हणाली, गंज शंभर तऱ्हेचा असतो, सळईचा वेगळा, खिळ्याचा वेगळा, ज्याला नुसता गंज दिसतो त्याने लोखंडच बघितलेलं नाही. तो अर्धा तास तिने मला एवढं फैलावर घेतलं, की खुर्ची केव्हा रिकामी झाली ते तिलाही कळलं नाही. ती उभी होती आणि खिडकी ते दार चालत मला शिव्या घालत होती. मी तोंड खाली घालून गाठी मारत होते आणि डोळे पुसत होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही ग्रंथालयात गेलो. मिलच्या मैत्रिणींना तिने स्वतः बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला रंग दिसत नाहीत. चुकलेलं उसवायला आले आहे." त्यांतली सर्वांत थोरली शिडीशी जाऊन उभी राहिली आणि खालून एकेक लडी देऊ लागली. मावशी शिडीवरून दोरा चाचपून घ्यायची. आठवडाभरात भिंतीवर खरी पानगळ लागली. ग्रंथपालबाईंनी एक निळं पान राहू द्यायची विनंती केली. मावशीने ती साफ धुडकावली.

परवा तिला थंडीच्या फांद्या हव्या होत्या. मी बस म्हणाले नाही, चपला घातल्या. बागेच्या वाटेवर ती नेहमीसारखी दोन पावलं पुढे, पायाने फांद्या चाचपत. एकदम थांबली.

"खाली पानं वाजतायत. कुठला रंग?"

"गंजका."

"कुठला गंजका?"

मी खाली वाकले. एक पान उचललं, उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं. तिला थांबावं लागलं, आणि ती थांबली.

"बागेच्या फाटकाचा," मी म्हणाले. "सगळ्या फाटकाचा नाही. कडीजवळ, जिथे रोज हात लागतो, तिथला."

मावशीने मान तिरकी केली, जणू तिच्यापुढे लडी धरली होती.

"बरोबर," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.