हितेशचा अडकलेला सूर

हितेश हा माझा सर्वांत हट्टी विद्यार्थी. मूळ उरणजवळच्या मोरा बंदराचा कोळी, राहायला पनवेलला माझ्या गल्लीत, नोकरी तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात आणि लग्नसराईत हळदीला ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं, कारखाना तरी सोड नाहीतर सॅक्सोफोन; छातीला दोन्ही झेपणार नाहीत. मुंबईच्या एका हॉटेलातल्या जॅझ बँडला सॅक्सोफोनवाला हवा होता. ती नोकरी मिळाली तरच कारखाना सुटणार होता.

म्हणून तो माझ्याकडे कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्या, शिकायला आला. मी त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली. डी मायनर कॉर्डमधला एफ हा सूर पुढच्या जी सेव्हन कॉर्डवरही चालतो, पण सी मेजर, म्हणजे गाण्याचं घर, आली की तोच टोचायला लागतो. तेव्हा अर्धा सूर खाली, ईवर उतरायचं. कॉर्ड घरात शिरली आणि आपण उंबऱ्यावरच, असं चालत नाही. तो मान हलवायचा आणि मग हवं तेच वाजवायचा. माझं डोकं फिरायचं.

बँडसाठीची चाचणी खारघरच्या एका हॉलमध्ये होती. पियानोवर बँडची प्रमुख रेवा. हितेशने सुरुवात झकास केली. तेवढ्यात दारातला वॉचमन डोलायला लागला. हळदीला नाचणारा रंगात आला की त्याचं मन भरेपर्यंत बँडवाले गाण्यातली ती जागा सोडत नाहीत. झालंच तसं. रेवा सीवर गेली, हा एफ धरून बसला. "उतर रे, गाढवा," मी दातओठ खात पुटपुटलो.

रेवा थांबली. "कॉर्ड पुढे गेली, तुम्ही तिथेच?"

"मानूस डोलत व्हता, मॅडम. त्याला सोरून आमी पुढं जात नाय."

"इथे मला सोडायचं नाही. पुन्हा घेऊ."

या वेळी त्याने डोळे मिटले. एफ आला. रेवाने कॉर्ड बदलली आणि हितेश तिच्याबरोबर अलगद ईवर उतरला. तिथून त्याने जे काही वाजवलं, त्याने माझा सगळा राग पळाला.

"कधीपासून येता?" रेवाने विचारलं.

हितेशने तोंड उघडलं आणि खोकला आला. तो थांबेचना. आता संपलं, असं मला वाटलं आणि त्या कारखान्याचा इतका संताप आला की काय सांगू.

मी रेवाला कारखान्याचं आणि डॉक्टरांचं सांगितलं. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "जागा तुमचीच. आधी कारखाना सोडा. खोकला जाईपर्यंत रोज एकच गाणं वाजवा."

हितेश मटकन खाली बसला आणि सर्वांसमोर रडू लागला.

"सर," तो मला म्हणाला, "उद्या शिफ्टला नाय जायचा."