उलट शिवलेले फर्मे

ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळे बाइंडरबाईच म्हणत. सव्वीस वर्षं त्या एकाच स्टुलावर बसून होत्या. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून माणसं दिसत नसत, नुसत्या चपला दिसत. घर एकोणीस मिनिटांवर. ही मिनिटं बाईंनी नव्हे, नवऱ्याने मोजली होती. नोकरी सुटल्यापासून तो घड्याळ घेऊन दारात बसे आणि विसावं मिनिट लागलं की विचारी, "कुठे होतीस?" मग उत्तर काहीही द्या, त्याचा जेवणं होईपर्यंत कीस पाडी.

अशा बाईंच्या हाती ते पुस्तक आलं. आयर्लंडच्या कुणा लेखकाचं, सातशे पानांचं, वाचायला महाकठीण. ग्रंथालयात दरवर्षी त्याचा सोहळा व्हायचा, भाषणांवर भाषणं झडायची. आणि पुस्तकाची अवस्था काय, तर पहिली चाळीस पानं बोटांनी मळलेली, पुढची सगळी कोरी करकरीत! बाईंना हसूच फुटलं.

त्यांनी ते नव्याने शिवलं. पण त्या दिवशी नवऱ्याचे तीन फोन आले होते, लक्ष थाऱ्यावर नव्हतं. पुठ्ठा चढवून झाला आणि सहज म्हणून त्यांनी पहिलं पान उघडलं. सगळं डोक्यावरून गेलं. मग डबा खाता खाता त्या हळू आवाजात वाचू लागल्या, आपल्याशीच बोलावं तसं, आणि गुंता सुटत गेला. एक माणूस दिवसभर शहरात भटकतो. घरी बायकोचं काय चाललंय हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच पाय घराकडे वळत नाहीत. अंत्ययात्रेला जातो, साबण विकत घेतो, मनात येईल ते मनात येऊ देतो. आणि कुणी त्याची मिनिटं मोजत नाही! बाईंना त्याचा हेवा वाटला.

"पुठ्ठ्याचा सरस वाळायचाय," असं सांगत त्यांनी आठ महिने पुस्तक खालीच ठेवलं. शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आणि दुसऱ्या खेपेला चूक ध्यानात आली. सोळा सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, त्यांनी मागचेपुढे शिवले होते. पहिल्या खेपेला हा लेखकाचाच तिरपागडेपणा समजून त्या पुढे गेल्या होत्या. आता शिवण उसवणार, तोच ग्रंथपाल दारात. "परवा सोहळा आहे बाई, द्या इकडे!"

कामात अशी चूक केली म्हणून आधीच्या बाइंडरला घरी बसवलं होतं. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी बसणं म्हणजे चोवीस तास त्या घड्याळासमोर.

सोहळ्याला त्या शेवटच्या रांगेमागे उभ्या राहिल्या. भाषणाला बोलावलेल्या प्राध्यापकांनी वाचायला घेतलं ते नेमकं त्या उलट्या फर्म्यांपाशीच. पान उलटलं आणि ते क्षणभर अडखळले. मग त्यांना भरतं आलं. "पाहिलंत? गुत्त्यात भांडण ऐन रंगात आलंय आणि लेखक आपल्याला थेट समुद्रकिनाऱ्यावर नेऊन टाकतो! ही प्रतिभेची झेप!"

टाळ्या पडल्या. गप्प राहिलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण आठ महिने ज्याच्याबरोबर पायपीट केली, त्याची अशी फरफट बाईंना बघवेना.

"सर, ती झेप लेखकाची नाही, माझी आहे. फर्मे उलटे शिवले गेले माझ्या हातून. तीनशे वीसनंतर तीनशे सदतीस आलंय, आकडे बघा."

प्राध्यापकांनी आकडे बघितले. "तुम्हाला कसं कळलं?"

"वाचलं म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. प्राध्यापकांचा चेहरा पडला, पण माणूस मनाचा खोटा नव्हता. त्यांनी चष्मा काढला. "मग मधल्या पानांत काय होतं, बाई? या, पुढे येऊन सांगा."

बाईंनी सांगितलं. आधी चाचरत, मग थेट पुस्तक उघडून मोठ्याने वाचत. सव्वीस वर्षांत त्यांचं बोलणं इतका वेळ कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांना फार आनंद झाला. खाली उतरताना ग्रंथपालांनी हातात मेमो ठेवला, उद्या सकाळी अकराला खुलासा लिहून आणा म्हणून.

नवरा दारातच होता. "अडुसष्ट मिनिटं! कुठे होतीस?"

"लोकांना पुस्तक वाचून दाखवत होते."

"खोटं," तो म्हणाला आणि बाईंना बाहेरच ठेवून त्याने आतून कडी लावली.