आई कीर्तनाला उभी राहिली

माझे वडील ख्रिस्ती कीर्तनकार होते. नगरकडच्या आमच्या चर्चच्या मंडळ्यांत कीर्तन जुनं आहे. पेटी, तबला, चिपळ्या सगळं तेच, आख्यान मात्र आमच्या शास्त्रातलं, बायबलातलं. वडील पुढे उभे राहायचे आणि आई मागे टाळ घेऊन ध्रुपद धरायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सुटी आली की वडिलांबरोबर गावोगाव जायची. लग्न झाल्यापासून तिची जागा मागेच होती.

वडील गेले आणि गावच्या चर्चमधलं उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीनंतरच्या सणाचं कीर्तन बंद पडलं. सणाला नुसती स्पीकरवर गाणी लागायची. एका वर्षी सणाआधी पाळकसाहेब नगरमध्ये सावेडीला आमच्या फ्लॅटवर आले आणि बाहेरगावचा कोणी कीर्तनकार सुचवा म्हणाले. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"मी करते," ती म्हणाली.

चर्चच्या पंचांना विचारतो म्हणून पाळकसाहेब गेले. खरं तर मलाही धास्ती वाटत होती. तिची सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे. दोन दिवसांनी सगळ्यांत वयस्कर पंचांचा मला फोन आला. ते वडिलांचे मित्र. बायकांनी कीर्तनाला उभं राहायची आपल्याकडे रीत नाही, वहिनींनी फार तर एखादं गीत म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. आईने फोन मागून घेतला.

"भाऊजी, हे उभे असताना पद विसरले की मागून कोण सांगायचं? तुम्ही समोरच बसलेले असायचात."

पलीकडे ते हसल्याचं मला ऐकू आलं, आणि विषय तिथेच मिटला.

सराव आमच्या हॉलमध्येच सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. आवाज ऐकून त्या वर आल्या, पट्टी फार वरची धरताय म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची पेटीच घेऊन आल्या. सणाला आमच्याबरोबर गावीही आल्या.

चर्चसमोर मांडव होता. पुढे लोकांनी आणलेली बाजरी, भोपळे, कांद्याच्या पाट्या. पहिल्या पदाला आईचा आवाज कापला. काकूंनी पेटीवर सूर धरून ठेवला, तशी ती सावरली. तिने आख्यान घेतलं होतं विधवा सुनेचं. सासूबरोबर परक्या गावात आलेली, पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. आई शाळेतल्यासारखं शुद्ध, नेमकं बोलत होती. सरव्यापाशी आली आणि थांबली. चिपळ्या खाली आल्या.

"सरवा म्हंजी काय, हे मला कुनी सांगाया नको," ती म्हणाली. "कापनी झाल्यावर रानात पडलेली कनसं. मी माझ्या आईसंगं लोकांच्या रानात लई सरवा येचलाय. मालक हाकलायचा, आमी बांधावर बसायचो, तो गेला की परत वाकायचो. त्याच भाकरी खाऊन मी मास्तरीन झाले."

तिच्या तोंडून ही भाषा मी कधी ऐकली नव्हती. ही गोष्टही नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाई, आमी बी." आणखी दोघी-तिघींनी माना हलवल्या. आईने चिपळ्या उचलल्या आणि शेवटचं पद असं लावलं की मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. ते वयस्कर पंच खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. कीर्तन संपेपर्यंत ती बसली नाही. घरी येताना गाडीत पाय चोळत म्हणाली, भूक लागली आहे.

त्यानंतर नेवासा, राहुरी इथून बोलावणी आली. भंडारदऱ्याकडच्या एका वस्तीवर तर तिला जीपने नेलं. तिथे ती डोंगराकडे पाहत पोरीसारखी हसत होती. कुठे नवऱ्याने टाकलेली सून, कुठे एकटी म्हातारी, बायका कीर्तनानंतर तिच्याजवळ येऊन बसायच्या आणि ती घाई न करता ऐकायची.

मागच्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. आम्ही घरचे चौघेजण शांतपणे तिला निरोप द्यायचं ठरवून दफनभूमीत पोचलो, तर फाटकाशी टेम्पो उभे होते. तीन गावांच्या बायका उतरत होत्या, लुगड्यांतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, काहींच्या हातात टाळ. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली आणि एका तरुण बाईने सगळ्यांच्या पुढे येऊन पद सुरू केलं. रस्त्यावरच्या माणसांनी थांबून पाहावं इतक्या मोठ्याने त्या सगळ्या गायल्या.