आधी तारा

"ग्रहाबद्दल काही बोलायच्या आधी तारा नीट बघ," वृंदाताई प्रयोगशाळेत बजावायची. मी कानामागे टाकलं. एक तापलेला महाकाय ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या हवेतून गाळून आलेल्या उजेडात मला पाण्याची वाफ सापडली होती. पेढेसुद्धा वाटले. वाफ निघाली ताऱ्यावरच्या डागांमधली.

वृंदाताई बाळंतपणानंतर नवव्या दिवशी गेली. रक्तदाब चढला होता, कुणी मोजलाच नाही. त्याला तीन वर्षं झाली.

आज माझा दहावा दिवस. दुपार. आईनं खाटेखाली शेगडी सरकवलीय, ओव्याचा धूर डोळ्यांत जातोय. डोकं ठणकतंय. मी झोपलेल्या बाळाचे श्वास मोजतेय. एकतीस, बत्तीस...

ऊब वाढत जाते. खाट आहे, भिंती नाहीत. खाली तांबूस, जड ढग. एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. हा माझाच ग्रह. खाटेच्या कडेला वृंदाताई बसलीय, कानाला रुमाल बांधून.

"ताई, इथं दीड हजार अंश तापमान आहे."

"मग? मला आता काय भाजतंय!"

वारा सुटतो आणि आम्ही प्रयोगशाळेत असतो. पडद्यावर आलेख हळूहळू उतरतोय.

"बाळाची कावीळ उतरली," मी सांगते. "शी-शू सगळं लिहून ठेवते."

"आणि तुझं डोकं?"

"जागरण गं."

"मीही हेच म्हणाले होते. येणारे बाळाला बघून जात होते." आकडे वाचावेत तसा तिचा आवाज. "डोळ्यांपुढे काजवे?"

"सकाळपासून."

"मोजे काढ."

"आई ओरडेल. वारं लागतं म्हणे."

"काढ गं बाई. हे पाय आहेत की लोड?" ती नडगीवर अंगठा दाबते. दाबूनच धरते. "बारशाला उभं राहायचंय ना? मग हाक मार. आत्ता."

जाग येते. बाळ झोपलेलंच आहे. माझा डावा मोजा घोट्यापाशी गोळा झालाय आणि नडगीवर अंगठ्याएवढा खळगा. भरून येत नाही.

मी नवऱ्याला हाक मारते. "कौस्तुभ, गाडी काढ. माझं बीपी बघायचंय."

"संध्याकाळी गेलं तर नाही का चालणार?"

"नाही."

मशीनवरचा आकडा बघून नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. हे मी दवाखान्यातूनच लिहितेय. तुमच्या घरात, शेजारी कुणी ओली बाळंतीण असेल, तर आज तिच्याकडे जाऊन या. डोकं दुखतंय का, विचारा. ती 'काही नाही' म्हणेल. तरीही बीपी मोजायला लावा.