गेला नव्हे, गेला आहे

इंग्रजांचा वर्तमानकाळ विलायतेत कोण सांभाळत होतं मला ठाऊक नाही, पण त्यांचा भूतकाळ रत्नागिरीत आमचे मामंजी सांभाळत होते, आणि तो इतका चोख की खुद्द इंग्रजांनाही जमला नसता. मामंजी म्हणजे माझे सासरे. उभी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. म्हणजे शाळेपुरते झाले होते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा आळीतली शिकलेली माणसं ते आसपास नाहीत ना, हे बघून मगच इंग्रजी बोलत. कारण मामंजींचा एक कायदा होता : "हॅव आणि यस्टर्डे एका पंक्तीला बसत नाहीत." त्यांचा एक जुना विद्यार्थी मामलेदार होऊन गावात आला. भर बाजारात गाठ पडली, आणि तो बिचारा हात जोडून म्हणाला, "सर, आय हॅव कम यस्टर्डे."  मामंजींनी नुसती छत्री मिटली. मामलेदारसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पट्टेवाल्यादेखत त्यांनी ते वाक्य शुद्ध करून पुन्हा म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे मामंजींनी मुलाबाळांची चौकशी केली.

मला शिकवायचं त्यांनी पहिल्याच महिन्यात मनावर घेतलं. मी विळीवर नारळ खवत असायची, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायचे, आणि गो-वेंट-गॉन सुरू व्हायचं. पुस्तकातली उदाहरणं त्यांना खपत नसत. उदाहरण घरातलंच हवं. एकदा माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या, आणि मामंजी मात्र माजघरातून आनंदाने धावत आले.

"सूनबाई, तुकडे अजून जमिनीवर पडलेत. म्हणजे काय?"

"हॅज ब्रोकन," मी रडवेली होऊन म्हटलं.

"शाबास! आता केर भर. आणि उद्या कोणी विचारलं, तर काल फुटली म्हणताना ब्रोक म्हणायचं, हॅज नको."

सासूबाईंना या प्रकाराचा मनस्वी राग. "अहो, तुमच्या त्या हॅव-हॅडच्या नादात भात करपला हो!" त्या चुलीपाशी ओरडत.

"करपला, की करपला आहे?"

"हा वास काय पुस्तकातून येतोय?"

"मग करपला आहे," असं म्हणून मामंजी तो भात मिटक्या मारीत खात. मी पदराआड हसत असे, पण मनातून थक्क होत असे. मला सगळंच घडून गेल्यासारखं वाटायचं. त्यातलं खरोखर काय संपलं आणि काय अजून घरात रेंगाळतंय, हे या माणसाला एका क्रियापदावरून कळायचं.

एका बाबतीत मात्र घरात कोणी उदाहरण देत नसे. माझे थोरले दीर माझ्या लग्नाच्या आधीच आफ्रिकेत मोंबासाला नोकरीवर गेले होते. आधी त्यांची पत्रं येत, मग ती थांबली, ती थांबलीच. सासूबाई आगबोटीचा भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून दाराशी जात. एका दुपारी मामंजींची चुलत बहीण आली. सुपारी कातरता कातरता ती सासूबाईंना म्हणाली, "वैनी, वाट ती किती बघशील गो? गेला तो गेलाच म्हणायचा आता."

मामंजी झोपाळ्यावरून उठले. एवढा चढलेला त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"गेला नव्हे! गेला आहे! हॅज गॉन! गेला आणि अजून परतला नाही, एवढंच. जाऊन परत आला की त्याला हॅज बीन म्हणतात. आणि नुसतं गेला..."  सासूबाईंना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी न करपलेला भात मामंजींना स्वतः वाढला. मी भिंतीला टेकून उभी होते. हा माणूस आपला मुलगा व्याकरणाच्या जोरावर जिवंत ठेवतो आहे, हे मला तेव्हा उमगलं.

पुढच्या आंब्यांच्या दिवसांत भावजी आले. काळेसावळे, वाळलेले, हातात एक ट्रंक. नोकरी सुटली होती, दुसरी मिळेपर्यंत लाजेने लिहिलं नाही म्हणाले. सासूबाईंनी त्यांना मिठीत घेऊन आधी रडून घेतलं आणि मग एक धपाटा घातला. मामंजी पायरीवर उभे होते. त्यांनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं आणि "हॅज बीन टु मोंबासा," असं माझ्याकडे बघून म्हणाले.

पाऊस लागायच्या आत भावजींना नव्या नोकरीवर परतायचं होतं. आम्ही सगळे बंदरावर गेलो. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत उतारूंना नेणारी मोठी होडी, म्हणजे पडाव, किनाऱ्याला लागली होती. भावजी मामंजींच्या पाया पडले आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "येतो, बाबा."

"कोणता काळ रे हा?"

आम्हाला वाटलं, आता इथेही! भावजी ओशाळून हसले. "वर्तमानकाळ, बाबा."

"जायला निघालास, आणि म्हणतोस येतो. इंग्रजाला सात जन्मांत जमायचं नाही हे." मामंजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.  "याचा भूतकाळ लवकर कर हो."

पडाव निघाला. वाऱ्याने सगळ्यांची धोतरं-लुगडी फडफडत होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी मामंजींच्या शेजारी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. पडाव आगबोटीला टेकेपर्यंत ते ओठांतल्या ओठांत एकच रूप घोकत होते, "आलो... आलो... आलो..."